मासे पुन्हा पुन्हा वर येऊन धापा टाकतायत? तपासायचं कुठून आणि थांबायचं कुठे

घरच्या टाकीबद्दल मी सगळ्यात जास्त वेळा निस्तरलेली तक्रार हीच. मासे वर येतात, तोंड उघडझाप करत राहतात, माणूस घाबरून पाणी बदलतो, दोन दिवस बरं जातं आणि मग परत तेच. मध्येच कुणीतरी निळं औषध टाकायला सांगतं, तेही टाकून होतं, आणि मग एक एक मासा जायला लागतो. कारण प्रत्येक टाकीत वेगळं निघतं, पण ते शोधायचा क्रम सगळीकडे तोच चालतो. फुकटातल्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर. हा क्रम मोडून थेट औषधाकडे गेलात तर खरं कारण लपून बसतं.

लक्षणं आधी नीट बघा

- सगळे किंवा बहुतेक मासे पाण्याच्या अगदी वरच्या थरात, तोंड पृष्ठभागाला लावून, कल्ले भराभर हलतायत.
- फिल्टरचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात गर्दी.
- पहाटे लाइट लावायच्या आधी त्रास जास्त, दुपारपर्यंत कमी.
- पर अंगाला चिकटवून एका जागी तरंगणं, कल्ल्यांच्या कडा लालभडक किंवा तपकिरी दिसणं.
- खाणं सोडणं, दगडावर नाहीतर रेतीवर अंग घासणं.
- पाणी दुधाळ दिसणं, किंवा एकदम स्वच्छ असूनही वरचं सगळं चालू असणं.

या शेवटच्यावर लोक फसतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून पाणी चांगलं आहे असं धरून चालतात, पण माशांच्या घाणीतून तयार होणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषं, या दोन्हीला रंग नाही. उलट लाकडामुळे चहासारखं झालेलं पाणी दिसायला वाईट असतं पण माशांना त्याचं काही नसतं.

दोन गोष्टी लगेच वेगळ्या काढा. एक म्हणजे बेट्टा (फायटर) आणि गुरामी. या माशांना कल्ल्यांशिवाय हवेतला श्वास घ्यायला वेगळा अवयव असतो, ते अधूनमधून वर येऊन हवा गिळून जाणारच, तो आजार नाही. कोरीडोरास हे तळाला राहणारे छोटे कॅटफिशही मध्येच झटक्यात वर जाऊन येतात. दुसरी गोष्ट, त्रास सगळ्यांना आहे की एकाच माशाला? सगळ्यांना एकदम असेल तर दोष बहुतेक वेळा पाण्यात असतो. एकालाच असेल आणि बाकीचे मजेत खात असतील तर त्या माशाकडे बघा. या एका प्रश्नाने निम्मं काम होतं.

तपासणीच्या आधी, लगेच करायचं

खाणं बंद. मोठा निरोगी मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. एअर पंप असेल तर पूर्ण चालू करा. नसेल तर फिल्टरचं तोंड असं वळवा की पाणी वर खळखळेल, आणि फिल्टरच नसेल तर भांड्याने टाकीतलंच पाणी घेऊन थोड्या उंचीवरून परत ओतत रहा. मग क्लोरीन काढलेल्या आणि टाकीइतक्याच तापमानाच्या पाण्याने २५ ते ३० टक्के पाणी बदला. सगळं पाणी काढून टाकी धुवायची नाही, अजिबात नाही, आणि २५-३० टक्के बदलण्यालाही एक अपवाद आहे तो खाली सातव्या भागात जुन्या टाकीच्या ठिकाणी सांगतो, टाकी वर्षाच्या वर जुनी असेल आणि पाणी क्वचितच बदललं जात असेल तर पाण्याला हात लावायच्या आधी तो भाग वाचा.

औषध टाकू नका. मेथिलीन ब्लू, म्हणजे तेच निळं औषध, त्यामुळे फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही फटका बसतो, फॉर्मेलिनवाली औषधं तर पाण्यातला ऑक्सिजनच कमी करतात, म्हणजे धाप लागलेल्या माशाला आपणच अजून गुदमरवतो.

१. पाण्याचा पृष्ठभाग हलतोय का

हे बघायला काही लागत नाही. बाजूने बघा, पाण्यावर तेलकट साय दिसते का, काही न हलता आरशासारखं पाणी पडून आहे का. ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागातून, बुडबुड्यांमधून फार थोडा. एअर स्टोनचा (पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा सच्छिद्र दगड) खरा उपयोग असा की बुडबुडे वर येताना खालचं पाणी वर आणतात आणि पृष्ठभाग फोडतात. त्यामुळे फिल्टर पूर्ण बुडालेला असेल आणि वर लाटच उठत नसेल तर फिल्टर चालू असूनही मासे धापा टाकतात. साय असेल तर कोरा टिश्यू पेपर पाण्यावर पसरून उचला आणि फिल्टरचं तोंड वर वळवा.

आवाज येतो म्हणून रात्री पंप आणि फिल्टर बंद करायची सवय फार घरांत असते. रात्री झाडं ऑक्सिजन देत नाहीत, उलट घेतात, त्यामुळे पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो आणि नेमका तेव्हाच पंप बंद. पहाटेची धाप बऱ्याचदा इथेच संपते. आवाजच नको असेल तर पंपाखाली फोमचा तुकडा ठेवा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं.

२. तापमान

एक साधा थर्मामीटर लागतो, हात बुडवून कळत नाही. २० अंशाला पाणी लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे पाणी तापलं की ऑक्सिजन कमी आणि त्याच वेळी माशाची गरज जास्त, दोन्हीकडून मार. टेट्रा, मॉली, गप्पी, एंजल वगैरेंना २४ ते २७ ठीक. गोल्डफिश मात्र थंड पाण्याचा मासा, त्याला २० च्या आसपास बरं वाटतं, आणि तरी तो हीटरवाल्या टाकीत एंजलसोबत ठेवलेला मी कितीदा बघतो.

जास्त निघालं तर हीटरचा प्लग काढून बघा. थर्मोस्टॅट चिकटला की हीटर बंदच होत नाही आणि त्याच्यावरचा दिवा बघून नेहमी कळतं असं नाही. थंड करायला झाकण उघडून पृष्ठभागावर पंखा सोडा, एक-दोन अंश हळूहळू उतरतात. बर्फ टाकू नका, झटका बसतो.

३. मासे मोजा, खाणं बघा

खरंच मोजा. एखादा मासा दगडामागे मरून पडलेला असतो आणि चार दिवस कुणाला पत्ता नसतो, छोट्या टाकीत तेवढाच अमोनिया बाकीच्यांना पुरतो. फिल्टरच्या मागे, लाकडाच्या पोकळीत बघा.

खाणं दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरात दोन-तीन जण आपापल्या परीने खायला घालत असतील तर डबा एकाच्याच ताब्यात द्या. तळाला पडलेलं खाणं कुजतं, ते कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन खातात, आणि पाणी दुधाळ होतं ते त्या जिवाणूंमुळेच. दुधाळ पाणी रोज रोज बदलून जात नाही, खाणं थांबवलं आणि हवा वाढवली की बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप निवळतं.

४. खोलीत काय फवारलं

हे कुणी विचारतच नाही. डास मारायच्या लिक्विडमध्ये आणि स्प्रेमध्ये जी पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं असतात ती माशांना अत्यंत विषारी आहेत, आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. लिक्विडचं मशीन टाकीच्या खोलीतून हलवा. रंगकाम, फरशीचा क्लीनर, काचेचा स्प्रे, साबणाचा हात टाकीत घालणं, टाकीची बादली कपड्यांना वापरणं, हे सगळं यातच धरा. टाकीची बादली वेगळी, कायमची. संशय असेल तर मोठं पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ताजं ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला.

५. पाणी बदलल्यावरच त्रास होतो का

होत असेल तर नळाच्या पाण्याकडे बघा. त्यातला क्लोरीन कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं, त्यात एअर स्टोन सोडला, तर साधा क्लोरीन उडून जातो. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते असं उडत नाही, त्याला डीक्लोरिनेटरच (क्लोरीन काढायचं द्रव) लागतो, आणि तोही असा की क्लोरामाइन तुटल्यावर सुटणारा अमोनियाही बांधून ठेवेल. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीनचा प्रश्न नसतो पण त्यात ऑक्सिजन कमी असू शकतो, म्हणून तेही वापरायच्या आधी रात्रभर एअर स्टोन लावून ठेवा.

६. फिल्टर कसा धुता

वर्षानुवर्षं चालणाऱ्या "आठवड्याने परत तेच" या चक्राचं मूळ मला सगळ्यात जास्त इथे सापडतं. दर रविवारी टाकी रिकामी, दगड घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून एकदम पांढराशुभ्र. दिसायला स्वच्छ, आतून मेलेली टाकी.

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट थोडेही वाईट, नायट्रेट बरंच सहन होतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत फारसे नसतात, स्पंजवर, मीडियावर (फिल्टरमध्ये भरलेल्या रिंगा, गोळे वगैरे), रेतीवर, काचेवर थर करून राहतात. नळाखाली स्पंज धुतला की ते गेले, पुन्हा वाढायला त्यांना आठवडे लागतात, आणि तोवर पुढचा रविवार येतो.

म्हणून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने दाबून धुवा, तेही पाण्याचा प्रवाह कमी झाला की. मीडिया सगळा एकदम बदलू नका, निम्मा आत्ता आणि निम्मा महिन्याभराने. कंपनी दर महिन्याला कार्ट्रिज बदला म्हणते तिथे मी तरी ऐकत नाही, स्पंज फाटेपर्यंत वापरतो. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल आणि लाइट बरेच तास गेली असेल तर चालू करण्याआधी उघडून आतलं पाणी फेकून द्या, आत ऑक्सिजन संपून जिवाणू मरायला लागलेले असतात आणि ती सगळी घाण एकदम टाकीत येते.

७. आता टेस्ट किट

पहिला मोठा खर्च इथे. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल ते, ७ म्हणजे मधलं, त्याखाली आम्ल), एवढं मोजणारं थेंबांचं किट घ्या. पट्ट्या झटपट असतात पण अंदाजापुरत्या, आणि काही पट्ट्यांमध्ये अमोनिया नसतोच. नायट्रेटची बाटली सांगितलीय तेवढा वेळ जोरात हलवा, नाहीतर आकडा खोटा कमी येतो.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास, ४० च्या वर जाऊ देऊ नका. अमोनियाचा आकडा पीएचसोबतच वाचायचा, कारण किट जो आकडा दाखवतं त्यातला सगळा अमोनिया विषारी रूपात नसतो. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एक टक्क्याहूनही कमी, पीएच ८ ला साधारण पाच टक्के. म्हणजे तोच आकडा एका टाकीत निभावतो आणि दुसरीत मासे मारतो.

नायट्राइट वाढलं असेल तर माशाचं रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, कल्ले तपकिरी पडतात, आणि मग पंप कितीही लावा मासे वरच. पाणी बदलण्यासोबत काहीही न मिसळलेलं साधं मीठ लिटरमागे १ ग्रॅम, आधी पाण्यात विरघळवून, थोडं थोडं करून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. काही कॅटफिश आणि नाजूक झाडांना मीठ सोसत नाही, तिथे जपून. मीठ उडून जात नाही हे लक्षात ठेवा, वाफ झालेलं पाणी भरताना पुन्हा मीठ घालायचं नाही.

नवी टाकी असेल आणि अमोनिया-नायट्राइट दिसतंय, तर टाकी अजून तयारच झालेली नाही. हे जिवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मासे आत असतील तर रोज टेस्ट, आकडा दिसला की पाणी बदल, खाणं अगदी कमी, आणि नवा मासा एकही नाही. कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा वेळ खूप कमी होतो. मासे अजून आणलेच नसतील तर फारच छान: टाकीत २ पीपीएमपर्यंत अमोनिया घालून फिल्टर चालवत ठेवा, २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला लागले की मगच मासे आणा.

आणि आता जुनी टाकी, तो अपवाद. टाकी दोन-तीन वर्षांची, पाणी महिनोन् महिने बदललेलं नाही, फक्त वरून भर घालतात, जुने मासे ठीक पण नवा आणलेला दोन दिवसांत मरतो. जिवाणूंच्या कामात आम्ल तयार होतं, ते पाण्यातला क्षार हळूहळू खातं आणि एक दिवस पीएच घसरून ६ च्या आसपास किंवा खाली जातो. तिथे जिवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साठतो, पण पीएच कमी म्हणून तो बिनविषारी रूपात पडून राहतो. आता कुणीतरी कळवळून निम्मं पाणी एकदम बदलतो. ताज्या पाण्याने पीएच वर, साठलेला अमोनिया विषारी, आणि संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी. आधी पीएच मोजा. कमी असेल तर दिवसाला १० टक्क्यांहून जास्त पाणी बदलू नका, दोन-तीन आठवडे असंच हळूहळू न्या, आणि एअर पंप चालू ठेवा. मग दर आठवड्याला २० ते ३० टक्के बदलायची सवय लावली की हे परत होत नाही.

८. टाकीच चुकीची आहे का

वरचं सगळं ठीक निघालं आणि तरी दर महिन्याला तेच, तर टाकी आणि मासे यांचं गणित बसत नाहीये. हा महाग उपाय म्हणून इतका खाली ठेवला, पण नवी टाकी घेणाऱ्याने हाच भाग आधी वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण माशांचे बहुतेक हाल दुकानातच ठरतात.

लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागा, लिटर मिळतात. ६० बाय ३० बाय ३० म्हणजे ५४ लिटर. तीच टाकी उभी केली, ३० बाय ३० तळ आणि ६० उंची, तरी ५४ लिटरच, पण हवेला लागणारा पृष्ठभाग १८०० चौरस सेंटिमीटरवरून ९०० वर आला. उभी टाकी कोपऱ्यात छान दिसते आणि मासे वर येतात. लांब आणि बुटकी टाकी घ्या, आणि जमेल तेवढी मोठी, कारण जास्त पाण्यात चूक हळू वाढते आणि आपल्याला सावरायला वेळ मिळतो. गोल बाउल कोणत्याच माशासाठी घेऊ नका. असलाच तर गळ्यापर्यंत भरू नका, सगळ्यात रुंद भागापर्यंतच भरा, आणि मोठी टाकी बघायला लागा.

मासा दुकानात केवढा आहे ते बघू नका, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते विचारा. लांबट शरीराचा साधा गोल्डफिश ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, गोलमटोल फॅन्सी जातीही १५-२० होतात. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर ३० च्या पुढे जातो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. लिटरमागे एक सेंटिमीटर मासा हा ढोबळ हिशोब गप्पी-टेट्रासारख्या बारीक माशांना चालतो, गोल्डफिशला आणि सकरला नाही. फिल्टर तासाला टाकीच्या चार ते सहा पट पाणी फिरवेल असा, आणि डब्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो म्हणून थोडा वरचाच घ्या.

जास्त मासे असतील तर कमी करा, ओळखीच्या मोठ्या टाकीवाल्याला किंवा दुकानात परत द्या. नदीत, तळ्यात सोडू नका. सकरने कितीतरी ठिकाणी तिथल्या माशांची जागा बळकावलीय.

इथे थांबा, आणि माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या किंवा झटका जाणवला तर हात बाहेर, मेन स्विच बंद, आणि इलेक्ट्रिशियन. कुठली वस्तू आहे ते स्वतः एक एक लावून शोधत बसू नका.

काचेच्या जोडातून पाणी झिरपतंय, काचेला तडा दिसतोय किंवा स्टँड एका बाजूला झुकलंय, तर मासे बादलीत काढा, टाकी रिकामी करा, मग टाकी बनवणाऱ्याला दाखवा. ५४ लिटरची टाकी दगड-काच धरून ७० किलोच्या आसपास जाते, भरलेली टाकी सरकवायचा प्रयत्न करू नका. बाहेरून सिलिकॉन थापून जोड टिकत नाही.

पाण्याचे सगळे आकडे ठीक आहेत आणि तरी रोज मासा जातोय, खवले उभे राहून पोट फुगलंय, अंगावर जखमा पडल्यात, पाठ वाकलीय किंवा मासा खात असूनही वाळत चाललाय, तर माशांचं बघणारा पशुवैद्य गाठा. माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या अंदाजाने टाकू नका, त्याने फिल्टरचे जिवाणू जातात आणि आजार तसाच राहतो. मिठाच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके मात्र घरी हाताळता येतात, फक्त औषध ठिपके गेल्यावरही बाटलीवर सांगितलंय तेवढे दिवस पूर्ण द्या, कारण कातडीखाली लपलेल्या परजीवीवर ते चालत नाही, पाण्यात मोकळा फिरत असतानाच चालतं.

हाताला कापलेलं असेल तर टाकीत हात घालताना हातमोजे घाला. माशांच्या क्षयाचा जिवाणू माणसाच्या कातडीवरही गाठी आणतो आणि त्या लवकर बऱ्या होत नाहीत, तसं काही दिसलं तर डॉक्टरांना घरी टाकी आहे हे आवर्जून सांगा.

पशुवैद्याकडे जाताना स्वच्छ बाटलीत टाकीचं पाणी, टेस्टचे आकडे, टाकी किती लिटरची, किती मासे, शेवटचं पाणी कधी बदललं, आतापर्यंत कुठली कुठली औषधं घातली, आणि मासा पोहतानाचा व्हिडिओ न्या. मासा नुकताच मेला असेल तर पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, गोठल्यावर आतल्या पेशी फुटतात आणि तपासण्यासारखं फारसं काही उरत नाही. तोही त्याच दिवशी पोचवा.